काठाला काठ

माझ्या सासूबाईंना वाडीत 'अर्धा तांब्या' म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर त्या प्रयागबाई होत्या, आणि त्यांच्या तोंडाला लागायची हौस कुणाला नव्हती.

पाहुणा दारात आला की चारचौघांच्या घरी भरला तांब्या पुढं येतो. आमच्याकडं अर्धा यायचा. त्यात पाहुण्यानं चूळ भरायची, हात ओले करायचे आणि उरलेलं प्यायचं. पाय धुवायचेच असतील तर दारच्या कारल्याच्या वेलापाशी उभं राहून धुवायचे, म्हणजे वेलाला पाणी लागायचं. आणखी मागितलं तर सासूबाई विचारायच्या, "तान लागलीया का पाय मळल्यात?" तहान म्हटलं तर देत. पाय म्हटलं तर म्हणत, "मग वाईच बसा, माती वाळंल आन् झडंल."

निमगाव केतकीच्या पलीकडं, माळावर आमची वाडी. मी तिथं सन छत्तीसच्या माघात नांदायला आले आणि पहिल्या आठवड्यातच घराचा कायदा शिकले. मोरीला चिंध्यांचा बोळा घातलेला असायचा. अंघोळीचं पाणी मोरीत साठायचं, त्यात धुणं निघायचं, धुण्याच्या पाण्यात शेण कालवून अंगण सारवायचं. अंगणापर्यंत पोचलेलं पाणी तीन जन्म भोगून आलेलं असे. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची आणि मग एका वाडग्यातल्या पाण्यातून एकेक काढायचं, लहान आधी, मोठं शेवटी. चुकून एखादं पातेलं आधी बुचकळलं तर सासूबाई त्या पातेल्याकडं असं बघत, की ते शरमेनं आपोआप कोरडं व्हावं.

मी वडगाव निंबाळकरची. आमच्या परसामागून पाट वाहायचा. नीरेच्या कॅनॉलचं पाणी त्यात रात्रंदिवस, आणि लहानपणी मला वाटायचं की पाणी म्हणजे एक आवाज असतो, झोपताना असतो, उठताना असतो. आम्ही भांडी पाटात बुडवून ठेवत असू आणि खेळून आल्यावर उचलून आणत असू. आई लवकर गेली. मावशीनं, द्वारकाबाईनं, मला वाढवलं. लग्न ठरलं तेव्हा मावशी माझ्या बापाला म्हणाली होती, "पोरगी जिराइतात देताय, त्यापरीस हिरीत ढकला. पर तितल्या हिरीत पानी तरी कुठं असंल?"

बापानं ऐकलं नाही. मुलगा चांगला होता. मुलगा म्हणजे माझे मालक, सर्जेराव. ते खरंच चांगले होते, पण त्या उन्हाळ्यात बैल आणि म्हैस जगवायला लासुर्ण्याच्या पाहुण्यांकडं जाऊन राहिले होते. तिकडं चारा होता, पाणी होतं. घरात राहिलो मी, सासूबाई आणि एक शेळी.

वाडीला विहीर एक. रात्रभर झरा जेवढं पाझरेल तेवढं सकाळी उपसायचं. चैत्रापासून पंचांनी मोजणी लावली होती, चुलीमागं ठरलेल्या घागरी. विहिरीजवळच्या लिंबाखाली म्हातारे आबाजी चिंचोके घेऊन बसत आणि घागर वर आली की एक चिंचोका इकडून तिकडं सरकवत. गावकुसाबाहेरच्या चुली मात्र कुणी मोजल्या नव्हत्या. महारवाड्यातल्या बायकांनी विहिरीपासून दहा पावलांवर मडकी मांडून बसायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर कुणाला सवड झाली, कुणाला दया आली, तर त्यांच्या मडक्यात ओतायचं. तेही हातभर उंचावरून, म्हणजे भांड्याला भांडं लागत नाही. विहीर सगळ्या गावाची आहे असं म्हणत. सगळ्या म्हणजे कुणाकुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. मीही विचारलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला विहिरीवर जायची बंदी होती. "तुजा हात उदळा हाय," सासूबाई म्हणत. "पाटाकाठचा हात. तू चुलीपाशीच बरी." त्या स्वतः जात, सगळ्यांच्या शेवटी, आणि दोन खेपांत चार घागरी आणत. पाणी गढूळ असे. आमच्या रांजणाच्या तळाशी कायम बोटभर गाळ. इतर बायका पहाटे जाऊन नितळ पाणी आणतात आणि आमची म्हातारी उन्हं वर आल्यावर गाळ घेऊन येते, याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. म्हातारीला पहाटे उठवत नाही आणि कबूलही करवत नाही.

वैशाखात निमगावच्या बाजारातून निरोप आला. मावशी आणि काका गाडी जोडून येणार. बारामतीत मुक्काम करून बुधवारी दुपारी पोचतील, चार दिवस राहतील.

मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ घाम फुटला. मावशी माझं घर बघायला येत होती. वडगावात परत गेल्यावर पाटावर धुणं धुता धुता ती काय सांगणार, ते सगळं त्या चार दिवसांवर होतं. म्हाळसा चांगल्या घरी पडली, एवढं एक वाक्य मला तिच्या तोंडून हवं होतं. ते अर्ध्या तांब्यात बसणारं नव्हतं.

बुधवारी पहाटे सासूबाईंना ताप भरला. उठायला गेल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. मी गवती चहाचा काढा दिला, घोंगडी घातली. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "हिरीवर तू जा आज. शेवटाला जा. आन् हात..." पुढचं तापात गेलं. हात जपून वापर, असंच असणार म्हणून मी निघाले.

शेवटाला कशाला जाऊ? मी भराभर गेले. पोहरा सोडला, ओढला, चार घागरी भरल्या, घरी टाकून आले. दोर-पोहरा न्यायला परत आले तर आबाजी म्हणाले, "अजून चार हायत गं तुज्या."

"कशाच्या चार?"

"चुलीमागं आठ. चारच चिंचोकं सरकल्यात." त्यांनी उरलेले चार बोटानं दाखवले.

मी ते चिंचोके बघत उभी राहिले. आठ! आणि म्हातारी चार आणते! कंजूष माणसं पाहिली होती, पण गावच्या विहिरीत आपलं पाणी सोडून येणारी कंजूष पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आलं. मग हसू गेलं आणि हुरूप आला. आठ घागरी! मावशीला न्हायला घालता येईल.

रिकाम्या घागरी आणून उरलेल्या चार भरताना दहा पावलांवर बसलेल्या बायकांतली एक उभी राहिली. उंच, वाळकी, पन्नाशीची. तिला दगडाबाई म्हणत एवढं मला ठाऊक होतं.

"धाकल्या बाई, थोरल्या बाई न्हाय का आल्या?"

"ताप हाय त्यास्नी."

ती माझ्या घागरींकडं बघत राहिली. मला वाटलं, मागेल. मागितलं तर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. तिनं मागितलं नाही. मी एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन चालू लागले, आणि दुसऱ्या खेपेला आले तेव्हा तिच्याकडं पाहायचं टाळलं. पोहऱ्यात आता गाळ येत होता. विहीर संपली होती.

घरी रांजण काठोकाठ भरला. इतकं नितळ पाणी मी त्या घरात पहिल्यांदा बघितलं. तोंड दिसत होतं त्यात. मी बराच वेळ ते बघितलं.

मावशी आली ती बोलतच आली. "अगं बया, किती वाळलीस! हितं झाड न्हाय, झुडूप न्हाय. बैल तर रडाय लागलं वाटंत."

मी भरला तांब्या पुढं केला. मावशीनं पाय धुतले. मी दुसरा दिला. काकांनी पाय धुतले, मग तोंड धुतलं, मग मान धुतली, मग डोक्यावरच ओतून घेतला. बैलांना दोन घागरी लागल्या. काका तर मोरीवर अंघोळीलाच बसले, आणि मी बोळा काढून ठेवल्यामुळं ते पाणी सरळ माळावर निघून गेलं. मी ओतत राहिले. मावशी सोप्यावर बसून बघत होती आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडत होती.

"न्हाय, बरं हाय," ती म्हणाली. "लोक काय बी सांगत्यात. मी बी सांजच्याला न्हाते. धुळीनं केसाचं दोर झाल्यात."

ते वाक्य जवळजवळ आलंच होतं.

आत सासूबाई जाग्या झाल्या. "म्हाळसे, ह्यो कसला आवाज?"

पाण्याचा होता. त्या घरात तो आवाज नव्हताच कधी.

मी आत गेले. त्यांचा ताप उतरत होता, कपाळावर घाम होता. त्यांनी रांजणाकडं मान वळवली.

"किती आनल्यास?"

"आठ," मी म्हणाले, जरा जोरातच. "आठ हायत आपल्या. मला ठाव नव्हतं."

"आठी?"

"व्हय."

"मग दगडाबाईनं काय नेलं?"

मला प्रश्न कळला नाही. कळला तोही एकदम नाही. आधी ते चार चिंचोके आठवले, मग शेवटाला जा म्हणालेल्या ते, मग रांजणाच्या तळचा गाळ. आधीच्या चार नितळ घागरी तिकडं जात होत्या. मागच्या, तळच्या चार आमच्या घरी येत होत्या. चैत्रापासून रोज.

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या माहिती दिल्यासारखं बोलल्या. "तिची लेक आलीया बाळंतपनाला. परवाच्याला बाळंत झाली. तिघी-चौघींत वाटून घेत्यात त्या, पर ह्या टायमाला पयलं बाळंतिणीला लागतं. रक्ताचं धुनं असतं. पोराला कडत पानी लागतं." मग थोडं थांबून, "रांजनात किती हाय?"

"दोन घागरी. वर एखादा तांब्या असंल."

"हीर उद्या फाटंस्तवर भरायची न्हाय."

"मावशी सांजंला न्हाणार हाय," मी म्हणाले.

सासूबाईंनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. "बघ मग. पाव्हनं तुजं हायत. पानी बी तूच आनलंस." आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी रांजणापाशी उभी राहिले. बाहेर मावशी काकांना सांगत होती, की केसाला रिठे आणलेत, ते भिजत घालायला पाणी माग. मला खरं सांगायचं तर दगडाबाईच्या लेकीची दया आधी आली नाही. आधी स्वतःचीच आली. चार दिवसांतला पहिला दिवस किती छान चालला होता. मग मला सकाळची दगडाबाई आठवली. ती नुसती बघत राहिली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दोन घागरी भरल्या. रांजणात उरलं ते एका तांब्यात काढलं. तो अर्धा झाला.

"कुठं निगालीस गं भरल्या घागरी घिऊन?" मावशी उठलीच. "लोक हिरीवनं घरात आनत्यात, तू घरातनं हिरीवर न्हेतीस व्हय?"

"महारवाड्याच्या वाटंला," मी म्हणाले. "त्यांच्यात बाळंतीण हाय. त्यांचं पाणी मी आणलं सकाळी."

"त्यांचं पानी?" मावशीनं काकांकडं बघितलं. काकांनी केस पुसायचं थांबवलं. "घरच्या रांजनातलं पानी? डोक्यावर घिऊन? आगं, मोलकरीन तरी..."

"मोलकरीण न्हाय आमच्यात."

"आन् माजी आंगूळ?"

"तांब्या भरून ठेवलाय," मी म्हणाले आणि निघाले. भरून हा शब्द मी उगाच वापरला.

गावकूस संपतं तिथं एक बाभळ आहे. तिच्या पलीकडं दगडाबाईचं खोपट. मी बाभळीपाशी थांबून हाक मारली. ती बाहेर आली, मागनं तान्ह्याचं रडणं आलं. तिनं माझ्याकडं बघितलं, घागरींकडं बघितलं.

"घरपोच कदी आलं न्हाय ते," ती म्हणाली. "हिरीवर ओतून घेतो आमी. आज काय सन हाय का?"

"मडकी आणा."

तिनं दोन आणली, बाभळीखाली ठेवली. मी घागर उचलली आणि विहिरीवर बायकांना करताना पाहिलं होतं तशी हातभर उंच धरून ओतू लागले. घागर जड. पाण्याची धार वाऱ्यानं हलली, मडक्याच्या काठावर आपटली, धुळीत उडाली. बघता बघता चिखल झाला. दगडाबाईनं दोन्ही हात धारेखाली धरले, जेवढं अडेल तेवढं अडवायला.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "थोरल्या बाई असं न्हाई ओतत."

"मग कसं?"

"काठाला काठ लावत्यात. म्हंजी सांडत न्हाय."

मी घागर तशीच धरून उभी. काठाला काठ म्हणजे आमची तांब्याची घागर तिच्या मडक्याला टेकणार. माहेरी असं पाहिलं नव्हतं, सासरी नव्हतं, कुठंच नव्हतं.

"आन् कुणी काय म्हणत न्हाय त्यास्नी?"

दगडाबाई पहिल्यांदा हसली. "म्हनल्या की बाया. बाटलं, बाटलं करून वरडल्या. थोरल्या बाई म्हनल्या, बाटलं तर चिंचंनं घासीन, पर माज्या वाटनीचं थेंब मी भुईला देयाची न्हाय. त्यावर कोन काय बोलनार? त्यास्नी सगळी वळखत्यात." मग माझ्या घागरीकडं बघून म्हणाली, "लावा, न्हाय तर र्‍हाऊ द्या. पर सांडू नगा."

मी काठ टेकवला. टक असा आवाज झाला, लहानसा. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं. आवाजसुद्धा फार केला नाही त्यानं.

रिकाम्या घागरी घेऊन मी परत आले तेव्हा मावशी सोप्यावरच होती. तो अर्धा तांब्या तिनं समोर ठेवून घेतला होता, पुराव्यासारखा. रात्री जेवणं झाली. सासूबाई उठून बाहेर आल्या, पाहुणीच्या शेजारी बसल्या.

"विहीनबाई, न्हायाचं र्‍हायलं तुमचं."

"र्‍हायलं," मावशी म्हणाली. "आमच्यात जनावरं बी रोज न्हात्यात."

"नशीबवान हायत," सासूबाई म्हणाल्या. टोमणा होता की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

चार दिवसांसाठी आलेली मावशी दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाली. गाडीत बसताना तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "येतीस का संगं? मिरगापत्तुर र्‍हा. कुनी काय म्हनायचं न्हाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, "म्हातारीला ताप हाय. हिरीवर कोण जाणार?" ते खरंही होतं. मावशीनं वडगावात जाऊन काय सांगितलं ते मला पुढच्या दिवाळीत कळलं. म्हाळसा कंजुषांच्या घरात पडली, पाहुण्याला अंघोळीला पाणी देत नाहीत आणि उरलेलं गावकुसाबाहेर नेऊन ओततात, काहीतरी करणी असावी. मला हवं होतं ते वाक्य काही कुणी बोललं नाही.

गाडी गेल्यावर मी विहिरीवर गेले, शेवटाला. बायका भरून निघत होत्या. आमच्या शेजारच्या ठमाबाई दोर गुंडाळत होत्या. मी पहिली घागर ओढली. पाणी नितळ होतं. ती कमरेवर घेऊन मी दहा पावलं चालले.

दगडाबाईनं मडकं पुढं सरकवलं. मला पाठीमागं ठमाबाई थांबलेल्या कळल्या. आदल्या संध्याकाळी बाभळीपाशी बघायला कुणी नव्हतं. मी काठ टेकवला.

"आगं ए!" ठमाबाई ओरडल्या. "म्हातारीला इचारलंस का? नव्या नवरीनं हे काय चालीवलंया?"

मला मोठं काही बोलायचं होतं. कालपासून मनात जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "सांडतंय."

मग लिंबाखालून आबाजी खोकल्यासारखं हसले. "घ्या! ह्यो दुसरा अर्दा तांब्या. सासूवर ग्येली पोर." आणि त्यांनी चिंचोका सरकवला. ठमाबाईसुद्धा हसल्या, मान हलवत निघून गेल्या. आणखी तीन घागरी मी इतर बायकांच्या मडक्यांत ओतल्या, चारी तशाच, काठाला काठ लावून.

दगडाबाईनं मडकं डोक्यावर घेतलं. जाता जाता म्हणाली, "काल तुमच्या पाव्हन्यांनी पाय लई धुतलं म्हनं."

"धुतलं," मी म्हणाले.

"उजाळलं का?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. डोक्यावरच्या मडक्याला हात न लावता ती चालत गेली, आणि एक थेंब सांडला नाही.

मागच्या चार घागरी मी घरी आणल्या. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी रांजणात ओतलं तेव्हा उठून आल्या, काठाला धरून आत वाकून बघितलं. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. अंथरुणाकडं जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मोरीला बोळा घाल. काल काडला व्हता."